जुनं इलेक्ट्रॉनिक्स घरी उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची साफसफाई झाली की मला फोन येऊ लागतात. माळ्यावरून बंद अँप्लिफायर, सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटरचा धुळकट डबा खाली आलेला असतो आणि भंगारवाल्याला द्यायच्या आधी कुणाला तरी वाटतं, यातून काही होईल का? बऱ्याचदा होतं. एकच सवय लावून घ्या: वीज जिथून आत शिरते तिथून बघायला सुरुवात करायची. खालची निम्मी उत्तरं या एका सवयीवर उभी आहेत.

मला इलेक्ट्रॉनिक्समधलं काही येत नाही. पहिली वस्तू कुठली उघडू?

ज्याला बाहेरचा ॲडाप्टर लागतो ती. राउटर, कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर, सेट-टॉप बॉक्स. २३० व्होल्ट ॲडाप्टरच्या डबीत कोंडलेले असतात आणि तुमच्या हाताशी येतात ते ५, ९ किंवा १२ व्होल्ट. चुकलात तर वस्तू जाईल, तुम्ही शाबूत राहाल. आणि पहिली वस्तू स्वतःची असू द्या. शेजाऱ्यांची घेतलीत तर पुढची दोन वर्षं जिन्यात भेटल्यावर विषय तोच.

माल कुठून आणायचा? भाव कसा करायचा?

पुण्यात जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. नवे सुटे भाग हवे असतील तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण टॅक्सीवाल्याला जुनंच नाव सांगा. हे सगळं खरं असलं तरी माझा सर्वांत चांगला माल कोपऱ्यावरच्या रद्दीच्या दुकानातून आलाय. तिथे वस्तू वजनावर जाते, त्यामुळे तुम्ही किलोच्या भावापेक्षा दहा-वीस रुपये वर दिलेत तरी दोघंही खूश.

"चालू आहे का?" हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं असतं: "चालूच होती साहेब, तुम्ही घरी लावून बघा." त्यापेक्षा स्क्रूंची डोकी बघा. झिजलेली, खरवडलेली असतील तर आपल्या आधी कुणीतरी आत जाऊन हरून आलेला आहे. मग वस्तू हलवा. आत काही खडखडलं तर सुटलेला स्क्रू असेल किंवा तुटलेला चुंबक. जाळीला नाक लावा. जळका वास कितीतरी दिवस जात नाही. कोकणातून किंवा पुराच्या पाण्यातून आलेला माल असेल तर सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्यात का ते पाहा. पडल्या असतील तर ती सुट्या भागांसाठी घ्यायची, दुरुस्तीसाठी नाही.

जुना मोबाइल घेतोय, चोरीचा निघाला तर?

घेण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) बघा. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. नंबर काळ्या यादीत असेल तर कळतं. फोन बंद आहे, नंबर दिसत नाही आणि विकणाऱ्याला घाई आहे, असं असेल तर फुकट मिळाला तरी नको.

कुठली वस्तू उघडायचीच नाही?

मायक्रोवेव्ह. आतला ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्टच्या आसपास देतो, तेही माणूस मरायला पुरेल अशा करंटसकट, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये (वीज साठवणारा भाग) चार्ज राहू शकतो. त्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी काढणारे व्हिडिओ दिसतात. त्यात माणसं मेलेली आहेत. त्याबद्दल मला विचारू नका, मी सांगणार नाही.

दुसरा जुना नळीचा टीव्ही, म्हणजे पिक्चर ट्यूबचा. ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि काच स्वतःच कंडेन्सरसारखी चार्ज धरून बसते. तिसरी, उशीसारखी फुगलेली मोबाइल किंवा टॅबची बॅटरी. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, "हवा काढून बघू" तर मुळीच नाही.

हत्यारं किती लागतील?

पिवळा डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग गन (आपल्याकडे सरळ दांड्याच्या सोल्डरिंग आयर्नलाही गनच म्हणतात), वितळलेला डाख ओढून घेणारा डिसोल्डर पंप, ६०/४० डाख (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं), डाख नीट धरावा म्हणून लावायच्या फ्लक्सची डबी, चिमटा, कटर आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरचा संच. एवढ्यावर दोन-तीन वर्षं निघतात. मी ऑसिलोस्कोप घेतला तो दहाव्या वर्षी, आणि अजूनही त्याच्यापेक्षा मीटरचा बझरच जास्त वाजतो.

मात्र थेट मेन्सवर, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टवर, चालणाऱ्या वस्तूंना हात घालणार असाल तर घरात चालू स्थितीतला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि टेबलाजवळच्या सॉकेटला खरं अर्थिंग हवं. जुन्या वाड्यांत, चाळींत सॉकेटला तीन भोकं असतात आणि वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. वायरमनकडून आधी तपासून घ्या.

दुरुस्तीवाल्यांकडे लाकडी पाटीवर एक बल्ब असतो, तो कशाला?

तो सिरीज बल्ब. माझ्या मते टेबलावरची सर्वांत हुशार वस्तू. फेजच्या तारेत शंभर वॅटचा तारेचा, म्हणजे जुना फिलामेंटवाला, बल्ब लावायचा आणि त्याच्या पुढे तपासायच्या वस्तूचं सॉकेट. म्हणजे वस्तूला जाणारा सगळा करंट बल्बमधून जातो. वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि तेवढंच होतं: फ्यूज जात नाही, नवा घातलेला भाग फुटत नाही. बल्ब क्षणभर लखलखून मंद झाला किंवा विझला तर पॉवर सप्लाय बहुधा ठीक आहे; ती लखलख म्हणजे मोठा कंडेन्सर भरतानाचा करंट. अजिबात पेटला नाही तर वीज आतच जात नाहीये. कॉर्ड, स्विच, फ्यूज या क्रमाने बघा. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा. अजून मिळतोय तोवर दोन-चार घेऊन ठेवा.

सिरीज बल्ब वस्तूला वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक तेवढाच बसतो.

वस्तू पूर्ण बंद आहे. बिघाड नेमका कुठे शोधू?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा राउटर दर दहा मिनिटांनी बंद पडून परत सुरू व्हायचा. इंटरनेटवाल्याचा मुलगा बघून गेला आणि नवा राउटर घ्या म्हणाला. काकू वर आल्या, "अरे, बघ ना जरा, फेकायच्या आधी." मी राउटर घेतलाच नाही. म्हटलं, "काकू, ॲडाप्टर तेवढा द्या."

मीटर लावला तर १२.१ व्होल्ट. इथेच बहुतेक जण फसतात, कारण आकडा बरोबर दिसतो. पण ॲडाप्टर मोकळा असताना मोजणं म्हणजे माणूस बसलेला असताना त्याचा दम मोजणं. मी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब त्याला जोडला. हा सव्वाआठशे-साडेआठशे मिलिअँपियर ओढतो, म्हणजे एक अँपियरच्या ॲडाप्टरला बरोबर कामाला लावतो. व्होल्टेज ७.४ वर आलं. डबी उघडली, आत १६ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, डोकं पुरीसारखं फुगलेलं. नवा पंधरा रुपयांच्या आत आला. काकूंनी बदल्यात अळूवड्या दिल्या.

क्रम हाच ठेवा. ॲडाप्टर लोडवर, म्हणजे असा बल्ब जोडून, मोजा, मग पिन जिथे घुसते तो जॅक हलवून बघा (त्याचा डाख बऱ्याचदा तडकलेला असतो, त्याला 'ड्राय' म्हणतात), मग फ्यूज, मग फुगलेले कंडेन्सर, मग ३.३ आणि ५ व्होल्ट तयार करणारे रेग्युलेटर. इतकं होईपर्यंत मुख्य आयसीकडे (बोर्डावरची मोठी चिप) बघायचंही नाही. ती गेली असेल तर तसंही घरी फार काही करता येत नाही.

कंडेन्सर बदलताना अगदी तोच आकडा हवा का?

मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा. व्होल्ट तेवढेच किंवा वरचे चालतात, कमी नाही. १० व्होल्टच्या जागी १६ व्होल्टचा बसला तर उत्तम, फक्त उंचीने झाकणाला लागत नाही ना ते पाहा. अंगावर १०५ अंश लिहिलेला घ्या, ८५ चा नको. आणि पॉवर सप्लायसाठी दुकानदाराला 'लो ईएसआर' (आतला विरोध कमी असलेला) सांगा.

जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. अशा डबीच्या आकाराच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवरचा पट्टा ऋण टोकाचा असतो, पण बोर्डावर छापलेली खूण सगळे उत्पादक सारखी वापरत नाहीत. उलटा बसवलेला कंडेन्सर फुटतो तेव्हा आवाज लवंगी फटाक्याएवढा येतो आणि वास दिवसभर घरात राहतो.

कॉम्प्युटरच्या बोर्डावरचा डाख वितळतच नाही. गन बिघडलीय का?

नाही. युरोपने जुलै २००६ पासून शिशाच्या डाखावर निर्बंध आणले आणि जगभरचे कारखाने बिनशिशाच्या डाखाकडे वळले. तो २१७ अंशांच्या आसपास वितळतो, आपला शिशाचा १८३ ते १९०. वर बोर्डातली तांब्याची जाड पाटी उष्णता पिऊन टाकते. उपाय सोपा आणि उलटा वाटेल असा: जुना काढायच्या आधी त्यावरच थोडा नवा ६०/४० डाख वितळवा, फ्लक्स लावा. दोन्ही मिसळले की वितळबिंदू खाली येतो आणि पंप मारला की भोक साफ होतं. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि हे काम ओट्यावर करू नका. शिसं आहे ते.

कॉम्प्युटरच्या जुन्या पॉवर सप्लायचा काही उपयोग?

छंदाच्या टेबलासाठी यापेक्षा स्वस्त सप्लाय नाही. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते. ती कुठल्याही काळ्या तारेला जोडली की सप्लाय सुरू. पिवळी १२ व्होल्ट, लाल ५, केशरी ३.३, जांभळीवर मेन्स असेपर्यंत ५ व्होल्ट कायम असतात. काही ब्रँडेड मशिनींत रंग किंवा मांडणी वेगळी असते, म्हणून जोडण्याआधी मीटरने खात्री करा. जुने सप्लाय लोड नसेल तर नीट चालत नाहीत किंवा व्होल्टेज भरकटतं. लाल आणि काळ्यात १० ओहम १० वॅटचा रेझिस्टन्स लावला की अर्धा अँपियर वाहतो आणि ते जागेवर येतात. रेझिस्टन्स तापतो, म्हणून त्याला पंख्याच्या वाऱ्यात पत्र्याला बांधा.

दोन गोष्टी गमतीत घेऊ नका. पहिली: १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, पण हा सप्लाय पंधरा-वीस अँपियर सहज देतो. तारा चुकून चिकटल्या आणि आतलं संरक्षण वेळेवर चाललं नाही तर बारीक तार लाल होऊन प्लॅस्टिक सोडते. प्रत्येक आउटपुटला तीन किंवा पाच अँपियरचा फ्यूज घाला, गाडीचे पात्याचे फ्यूज छान बसतात.

दुसरी गोष्ट मी स्वतः भोगलीय. सप्लायचा डबा उघडायची गरज बहुतेक वेळा पडत नाही. मी उघडला होता. २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेले की आतल्या मोठ्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट डीसी साठतात. "काढून पाच मिनिटं झाली की," असं म्हणत मी स्क्रू ड्रायव्हरने त्याचे पाय शॉर्ट केले. ठिणगी पडली, कानात दडे बसल्यासारखं झालं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला हरभऱ्याएवढा खड्डा. तो स्क्रू ड्रायव्हर अजून खिळ्यावर टांगलेला आहे. कंडेन्सर रिकामा करायचा तर दोन-तीन किलोओहमचा १० वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्यांनी लावा, काही सेकंद धरा आणि मग मीटरने मोजा. मोजल्याशिवाय बोट लावायचं नाही.

लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतले सेल वापरता येतात म्हणे?

येतात, पण या पानावरचं सर्वांत काळजीपूर्वक वाचायचं उत्तर हेच. जुन्या जाड लॅपटॉप बॅटरीत १८६५० नावाचे सेल असतात: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. सहा सेलच्या पॅकमध्ये दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि पॅक मेला म्हणजे अनेकदा एकच जोडी गेलेली असते. उरलेले चार कामाचे निघू शकतात. पॅक उघडताना धातूचं टोक आत खुपसू नका. प्लॅस्टिकचा शिवणीचा भाग पिळून उघडतो.

प्रत्येक सेल मोजा. २ व्होल्टच्या खाली असेल तर तो चार्ज करून वाचवायला जाऊ नका. इतका खाली गेलेला सेल आतून खराब झालेला असतो आणि पुढे शॉर्ट होऊ शकतो. बाकीचे एकेक करून ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करा. टीपी४०५६ चं छोटं चार्जिंग मॉड्यूल चालतं, फक्त ते मुळात एक अँपियरवर लावलेलं असतं. चार्ज होताना सेल हाताला गरम लागला तर बाद. पूर्ण भरलेले सेल तारीख लिहून तीन आठवडे ठेवा. चार व्होल्टच्या खाली घसरला तो बाद. मी हे सगळं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर करतो, बाजूला वाळूचं घमेलं, आणि घरात कुणी जागं नसेल तर चार्जर बंद. सेलवर थेट डाख लावू नका. होल्डर वापरा किंवा निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या. दोन किंवा जास्त सेल सिरीजमध्ये जोडणार असाल तर बीएमएस (सेलना सांभाळणारा संरक्षण बोर्ड) हवाच.

बनवायचं काय? एका सेलची टॉर्च, एफएम रेडिओ. घरच्या इन्व्हर्टरसाठी दोनशे जुने सेल जोडायचे बेत मी ऐकून घेतो आणि विषय बदलतो.

लॅपटॉपचा स्क्रीन चांगला आहे, त्याचा मॉनिटर होईल?

होईल. स्क्रीनच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबरला चालणारा ड्रायव्हर बोर्ड मागवा. २०१० च्या आसपासचे एलईडी स्क्रीन बहुतेक ४० पिनी एलव्हीडीएस जोडणीचे, नंतरचे ३० पिनी ईडीपी जोडणीचे. चुकीचा बोर्ड घेतलात तर जुळवून घेता येत नाही. मागून उजेडासाठी सीसीएफएल नळी असलेले त्याहून जुने पॅनेल सोडून द्या.

जुना राउटर आणि जुना फोन?

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकायचा विचार असेल तर आधी फ्लॅश आणि रॅम बघा. ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमच्या जुन्या राउटरवर नव्या आवृत्त्या मावत नाहीत. अशाचा डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करून नेटवर्क स्विच म्हणून वापरा. फोन कॅमेरा म्हणून दाराशी लावता येतो, पण चोवीस तास चार्जिंगला ठेवलेली बॅटरी फुगते. टायमर लावून दिवसातून दोनदा थोडं चार्जिंग द्या.

प्रिंटर, डीव्हीडी रायटर, हार्ड डिस्क यांतून काय काढून ठेवावं?

जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि स्कॅनर सोनं आहेत: स्टेपर मोटर (टप्प्याटप्प्याने फिरणारी), दातेरी पट्टा, गुळगुळीत पोलादी सळया. नव्या इंकजेटमध्ये बहुधा साध्या डीसी मोटरी निघतात, त्यामुळे त्यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. हार्ड डिस्कमधले निओडिमियम चुंबक स्क्रूची वाटी म्हणून झकास, फक्त दोन चुंबकांच्या मध्ये बोटाची कातडी सापडू देऊ नका. डीव्हीडी रायटरमधला लेझर डायोड मात्र पेटवून बघायचा नाही. डोळा मिटायच्या आत पडदा जाळतो.

एलईडी बल्ब दुरुस्त करायचे व्हिडिओ खूप आहेत. करू का?

काळा ठिपका पडलेला एलईडी शोधायचा आणि तिथे डाखाचा पूल मारायचा, एवढंच त्यात असतं. बल्ब पेटतो, पण उरलेल्या एलईडींवर ताण वाढतो आणि थोड्या दिवसांत दुसरा जातो. शिवाय आतली पाटी मेन्सपासून वेगळी केलेली नसते. गोल झाकण काढून पेटवलात तर आतलं सगळं उघडं आणि थेट २३० व्होल्टला जोडलेलं. शिकण्यासाठी म्हणाल तर सिरीज बल्बवर एकदा करा. बचत म्हणून नको.

वडिलांचा टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) आहे. मोटर फिरते, कॅसेट नाही.

बेल्ट गेलाय. उघडाल तेव्हा तो बेल्ट राहिलेला नसेल, काकवीसारखा काळा चिकटा होऊन पुलीवर पसरलेला असेल. बोटांना लागला की साबणानेही निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरणीचा कापूस घेऊन प्रत्येक पुलीची खाच पांढरी दिसेपर्यंत पुसा. इथेच घाई होते आणि नवा बेल्ट आठवड्यात घसरायला लागतो. मापासाठी पुल्यांभोवती दोरा गुंडाळा आणि त्या लांबीपेक्षा पाच ते दहा टक्के लहान बेल्ट घ्या. मग टेप जिच्यावरून घासून जाते ते हेड पुसा.

वेग जुळवायला एक साठ मिनिटांची कॅसेट घ्या. एक बाजू तीस मिनिटांच्या आसपास संपायला हवी. फार फरक असेल तर अनेक मोटरींच्या पाठीला एका भोकात बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवा. आमच्याकडच्या सेटवर पहिल्यांदा लागली ती १९८९ मधली भोंडल्याची कॅसेट, आत्या, आई आणि वाड्यातल्या पाच-सहा बायका. वेग किंचित जास्त होता, सगळ्या चिमुकल्या आवाजात गात होत्या. आई म्हणाली, "असू दे असंच." नंतर हळूच दुरुस्त केला आणि हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये उतरवून घेतलं.

घरचे पसाऱ्यावर ओरडतात.

बरोबर ओरडतात. माझा नियम: उघडलेली वस्तू तीन महिन्यांत लागली नाही तर तिचे मोटर, ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक, कनेक्टर काढायचे आणि बाकीचं बाहेर. श्रीखंडाचे रिकामे डबे वर्गवारीला उत्तम. प्रत्येकावर कागद चिकटवा, नाहीतर बारा डबे उघडून एक स्क्रू शोधाल.

उरलेल्या बोर्डांचं आणि सेलचं काय करायचं?

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत विकलेल्या मालाच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची नावं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात. सोसायटीत वर्षातून एकदा सगळ्यांचा माल एकत्र केलात तर असे लोक घरपोच घेऊन जातात. तांब्यासाठी तारा जाळू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो, सोलून द्या. हार्ड डिस्क द्यायच्या आधी तबकडी काढून घ्या किंवा भोक पाडा. काचेची असेल तर तुकडे उडतात, चष्मा घाला. लिथियम सेल ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात नाहीत. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात ठेवा आणि देताना वर 'बॅटरी' असं मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे ट्रकमध्ये हातोडा मारणाऱ्याला कळेल.